गोळीची भीती आणि लोखंडी कढई

महोदय,

अंगात लोह कमी, पण पालेभाजी नको आणि लोहाच्या गोळीचीही धास्ती, अशांनी आधी भांडं बदलावं. टोमॅटोचं सार, चिंच-गुळाची आमटी लोखंडी कढईत उकळली की आंबटपणामुळे लोह पदार्थात उतरतं. मात्र शिजताच ती स्टीलच्या पातेल्यात काढावी. कढईत राहिली तर काळी पडते, धातूची चव येते आणि चोखंदळ माणूस ताट सरकवतो. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावं, त्याने लोह शोषायला मदत होते. जेवणानंतर तासभर चहा नको, त्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) लोह नीट शोषू देत नाहीत. (नुसत्या गुळावर भिस्त ठेवणं भाबडेपणाचं.)

स्त्रियांचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं, तर एकटा आहार सहसा पुरत नाही. गोळीने शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

– एक आहारतज्ज्ञ