कॅन्ससच्या इतिहासात मॅक्लेंडन यांचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतील विद्यापीठ बास्केटबॉलवर लेखमाला सुरू आहे. तिचा कॅन्सस विद्यापीठावरचा भाग वाचला. मराठी वृत्तपत्राने या खेळाला एवढी जागा दिली, याबद्दल आधी मनापासून आभार. लेखातल्या नोंदी बरोबर आहेत: १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ ही चार राष्ट्रीय विजेतेपदे, अ‍ॅलन फील्डहाउस या कॅन्ससच्या क्रीडागृहातला तो कान बधिर करणारा जल्लोष, २०२२च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी मागे असताना नॉर्थ कॅरोलिनावर ७२-६९ असा मिळवलेला विजय. मी आयुष्यभर मुलांना बास्केटबॉल शिकवले आहे, त्यामुळे हे सगळे वाचताना आनंदच झाला. पण या इतिहासातला एक माणूस, प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन, लेखात नाही, आणि त्याच्याशिवाय तो अपुरा आहे, असे मला ठामपणे वाटते.

जेम्स नेस्मिथ यांची ५५ विजय आणि ६० पराभव ही कामगिरी लेखाने गंमत म्हणून दिली आहे. ज्याने १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत हा खेळ शोधला, तोच कॅन्ससच्या सर्व मुख्य प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकटा प्रशिक्षक, ही गोष्ट वाचकाला चटकन लक्षात राहते हे खरे. पण नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या गावी, लॉरेन्सला, आले ते शारीरिक शिक्षणासाठी आणि प्रार्थनागृहाची जबाबदारी सांभाळायला. त्यांच्या संघाने ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटी वायएमसीएविरुद्धचा पहिलाच सामना ५-१६ असा गमावला. जिंकण्याची यंत्रणा उभी केली ती त्यांचे शिष्य फॉग अ‍ॅलन यांनी. अ‍ॅलन यांच्या हाताखाली खेळलेले अ‍ॅडॉल्फ रप पुढे केंटकीचे आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक झाले. म्हणजे कॅन्ससचे दोन मोठे प्रतिस्पर्धीसुद्धा याच घराण्यातून घडले. आपल्या लेखातली गुरू-शिष्य परंपरा इथे थांबते. नेस्मिथ यांचा आणखी एक शिष्य तिच्यात यायला हवा होता.

जॉन मॅक्लेंडन यांचा जन्म १९१५ साली कॅन्सस राज्यातल्याच हायवाथा गावी झाला. १९३३ मध्ये ते लॉरेन्सला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात दाखल झाले. नेस्मिथ तोवर प्रशिक्षकपद सोडून बरीच वर्षे झाली होती, पण शिकवत होते. त्यांनी मॅक्लेंडन यांना आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले. वर्गात या मुलाला खेळाच्या जनकाकडून थेट शिकायला मिळत होते, पण विद्यापीठाच्या संघात खेळता येत नव्हते. ते कृष्णवर्णीय होते आणि त्या काळी कॅन्ससचा संघ फक्त गोऱ्यांचा होता.

पोहोण्याच्या तलावाची हकीकत तर आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवी. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला पोहोणे आवश्यक होते, म्हणून मॅक्लेंडन विद्यापीठाच्या तलावात उतरले. ते बाहेर आल्यावर तलावातले सगळे पाणी उपसून टाकण्यात आले. हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायले आणि सवर्णांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, त्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. मॅक्लेंडन मागे हटले नाहीत, नेस्मिथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि तो तलाव पुढे सर्वांना खुला झाला. १९३६ मध्ये मॅक्लेंडन पदवीधर झाले. कॅन्ससमधून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी.

मग ते नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला गेले. तिथे कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयाचा संघ त्यांनी असा पळवला, की बचाव सावरायच्या आत चेंडू बास्केटमध्ये पडलेला असे. आज आपल्याकडची शाळकरी मुलेही अशा झटपट चढाईला ‘फास्ट ब्रेक’ म्हणतात आणि पूर्ण कोर्टभर ‘प्रेस’, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर दबाव, लावतात. अशा वेगवान खेळाला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप देणाऱ्यांत मॅक्लेंडन अगदी पुढे होते. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गाव चर्चमध्ये असताना ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतला गोऱ्या खेळाडूंचा संघ गुपचूप मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आला. असा सामना खेळणे तिथे कायद्याविरुद्ध आणि जिवाच्या जोखमीचे होते. दारे आतून बंद केली, प्रेक्षक एकही नाही. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांत मिसळून पुन्हा खेळले. या सामन्याची अधिकृत नोंद कुठेच झाली नाही आणि जगाला तो सुमारे पन्नास वर्षांनी कळला.

१९५७चा मार्च पाहा. कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये विल्ट चेंबरलेनचा कॅन्सस संघ नॉर्थ कॅरोलिनाकडून तिसऱ्या जादा वेळेत ५३-५४ असा हरला. हा सामना आपल्या लेखात आहे आणि छान रंगवला आहे. त्याच महिन्यात, त्याच सभागृहात मॅक्लेंडन यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने एनएआयए ही छोट्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कृष्णवर्णीयांच्या एखाद्या महाविद्यालयाने गोऱ्या संघांसह खेळून मिळवलेले ते पहिले राष्ट्रीय विजेतेपद होते. १९५८ आणि १९५९ मध्येही तेच विजेते. तोवर राष्ट्रीय विजेतेपदाची अशी सलग तिसरी माळ कोणत्याही महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या गळ्यात पडलेली नव्हती. ज्या राज्यात त्यांना संघात घेतले नव्हते, त्याच्या सीमेवरच्या शहरात हे घडले.

लेखात कॅन्सस आणि केंटकी यांच्यातल्या सर्वाधिक विजयांच्या चुरशीचाही उल्लेख आहे. नियमभंगाच्या प्रकरणात २०१७-१८च्या हंगामातले १५ विजय आणि त्या वर्षीची ‘फायनल फोर’ची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोहोचल्याची, नोंद ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाली आणि कॅन्सस केंटकीच्या मागे गेले. नियम मोडला तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या १५ सामन्यांवर एवढा काथ्याकूट होतो, तर ज्या खेळाडूंना वर्णामुळे कोर्टावर पाऊलच ठेवू दिले नाही, त्यांच्याबद्दल निदान चार ओळी तरी त्याच पानावर असाव्यात. कॅन्ससच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५०च्या दशकात. त्याआधीचे सगळे विजय, अ‍ॅलन यांची बहुतेक कारकीर्दसुद्धा, हे लक्षात ठेवूनच वाचायला हवी. त्याने अ‍ॅलन लहान होत नाहीत. इतिहास मात्र पूर्ण होतो.

बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने मॅक्लेंडन यांना १९७९ मध्ये खेळातील योगदानाबद्दल घेतले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा समावेश व्हायला २०१६ उजाडले. १९९९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आपल्याकडेही हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू करणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले. नागपाड्याच्या कोर्टांवर घाम गाळून मुंबईच्या मुलांनी या खेळात नाव काढले, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरची परिस्थिती बेताचीच होती. अशा मुलांनी मॅक्लेंडन यांच्याविषयी मराठीत वाचावे, ही माझी तळमळ आहे.

म्हणून विनंती अशी, की लेखमालेच्या पुढच्या एखाद्या भागात पूर्ण जागा देऊन जॉन मॅक्लेंडन यांच्यावर लिहावे. आणि या लेखांचे पुस्तक निघणार असेल, तर कॅन्ससच्या प्रकरणात नेस्मिथ यांच्या शिष्यांमध्ये अ‍ॅलन यांच्या बरोबरीने त्यांचे नाव छापावे.

आपला वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली