हायेस्ट किती?

चिऊ,

परवा तू रिझल्ट हातात दिलास आणि मी तो नीट उघडायच्या आधीच विचारलं, "हायेस्ट किती?" तू काही बोलली नाहीस, दप्तर ठेवलंस आणि आत गेलीस. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. समोर बसून बोलायला गेलो तर मी परत लेक्चर देणार आणि तू हेडफोन लावणार, त्यापेक्षा टाइप करतोय, सावकाश वाच.

काल रात्री तू झोपल्यावर प्रगतीपुस्तक बाजूला ठेवलं आणि तुझे तपासलेले पेपर काढून बसलो (न विचारता काढले, सॉरी). गणितात पहिल्या सत्रात 62, आता 58, म्हणजे माझ्या हिशोबाने पोरगी घसरली, विषय संपला. पण पेपर उघडला तर चौथ्या प्रश्नात पान उलटताना मायनसचं चिन्ह मागच्याच पानावर राहिलंय, पुढची रीत सगळी बरोबर आणि उत्तर चूक. एके ठिकाणी तर स्वतःच लिहिलेला 7 पुढच्या ओळीत 1 म्हणून उतरवलायस. असले सगळे मिळून 9 मार्क. शेवटचे दोन प्रश्न कोरेच, 16 मार्कांचे, आणि त्याच्या आधीच्या पानावर अक्षर असं पळत सुटलंय की घड्याळ बघून लिहिलंय हे कळतंच. मग उरले 17, ते तुला खरंच येत नव्हते. 42 गेले त्यातले फक्त 17! प्रगतीपुस्तकात हे कुठेच नाही, तिथे नुसते 58.

आणि मीटिंगमध्ये मॅडम सांगत होत्या तेव्हा माझं लक्षच नव्हतं, वर्गाचं अ‍ॅव्हरेज मागच्या वेळी 61 होतं, ह्या वेळी 49. पेपरच अवघड होता गं. तेव्हा तू अ‍ॅव्हरेजच्या एका मार्काने पुढे होतीस, आता 9 ने आहेस, आणि मी 4 कमी झाले म्हणून तोंड पाडून बसलेलो. दोन वेगळ्या पेपरांचे मार्क असे सरळ वजा करायचे नसतात एवढं तरी मला कळायला हवं होतं. (टक्के आणि पर्सेंटाइल एकच असं मी कित्येक वर्षं समजत होतो, आईला सांगू नकोस. 90 पर्सेंटाइल म्हणजे साधारण 90 टक्के मुलं तुझ्या मागे, मार्क मग 50 का असेनात.)

सायन्सचं मात्र मी बोलणारच. धडा पाच वेळा वाचलास हे मी स्वतः बघितलंय, अख्खा पिवळा केलायस, हायलाइट व्हायचा राहिलाय तो फक्त पान नंबर. पण वाचताना सगळं ओळखीचं वाटतं ना, म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं, फसायला होतं ते तिथेच. रोडिगर आणि कार्पिक म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर केलेला प्रयोग छापून आलाय. काही जणांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी वाचून तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर लिहिणारे. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तेव्हा एकदा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर येईल ते लिही आणि मग उघडून बघ काय सुटलं. बोअर आहे, माहितीये.

निबंधाखाली "छान, पण विषय सोडून" असा शेरा आहे. ते माझ्यावर गेलंयस, त्याला इलाज नाही.

ते दोन कोरे प्रश्न रविवारी टायमर न लावता सोडवून बघ, येतात का एवढंच बघायचंय. त्यातला दुसरा मी काल बारा वाजता घेतला आणि दीड वाजता सोडून दिला, तुला सुटला तर मला पण शिकव.

बाबा