एक बाग, दोन देश

संपादक महोदय,

जागतिक वारशाबद्दल पेपरात बरंच छापून येतं, पण जर्मनी-पोलंड बॉर्डरवरच्या मुस्काऊ पार्कबद्दल कुठे फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून लिहितोय. प्युक्लर नावाच्या सरदाराने १८१५ मध्ये नायसे नदीच्या दोन्ही काठांवर ही बाग करायला घेतली, तेव्हा नदी बागेतलीच होती. १९४५ नंतर तीच नदी सीमा झाली, पूल युद्धात गेलेले, राजवाडा जर्मनीत राहिला अन् बागेचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला, तिकडे नुसतं रान माजलं. पोलंडच्या बाजूला आज राहणाऱ्यांच्या पूर्वजांची ही बाग नव्हतीच हो, तिथले जर्मन हाकलले गेले आणि पोलिश लोक बाहेरून येऊन वसले, तरी १९८० च्या दशकाच्या शेवटी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून झाडोरा काढला, बुजलेल्या वाटा मोकळ्या केल्या, नंतर पूलही परत बांधले, आणि २००४ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते दोन्ही देशांचं एकत्र. एवढ्या कडू इतिहासानंतर हे जमलं याचं मला फार मोल वाटतं. रविवारच्या पुरवणीत अशा सामायिक वारशावर सविस्तर लेखमाला द्या, ही मनापासून विनंती.

- एक नियमित वाचक, पुणे