रिपोर्टिंगचं काम आनंदाने घे

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, घेतलंय डीबीए म्हणून, डेटाबेस सांभाळायला, आणि कामं सगळी रिपोर्टिंगवाल्यांची देतात." बाळा, ती कामं आनंदाने अंगावर घे. बॅकअप, रिस्टोअर, युजरचे हक्क यांत सूट नाहीच. पण क्लाउडवर पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं) आणि रोजचे बॅकअप बरेचसे आपोआप होतात. कुठला डेटा कसा रचायचा हे कळणारा माणूस मात्र लागतोच, आणि हल्ली डीबीएकडून तीच अपेक्षा असते.

बिलिंगचा डेटाबेस एकेक नोंद चटकन लिहिण्यासाठी असतो. महिनाअखेरीला त्याच्यावर कुणी पाच वर्षांच्या विक्रीची बेरीज चालवली, तर काउंटरवरची बिलं रखडतात. शिवाय तिथे शंभर कॉलमांपैकी तीनच हवे असले तरी अख्खी ओळ वाचावी लागते. रेडशिफ्ट, बिगक्वेरी, स्नोफ्लेक ही रिपोर्टसाठीची क्लाउड वेअरहाउसं डेटा कॉलमवार साठवतात, म्हणून बेरजा झपाट्याने होतात. बिगक्वेरीत तर वाचलेल्या डेटावर पैसे लावायची पद्धत आहे. साध्या टेबलवर 'सिलेक्ट स्टार' (सगळे कॉलम दे) लिहून शेवटी दहाच ओळींसाठी लिमिट १० घातलं, तरी बिल अख्ख्या टेबलचं लागतं! क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, खर्च बघणं हेही आता आपलंच काम.

खरी कसोटी इतिहासाची. समज, एक ग्राहक सोलापूरहून पुण्याला राहायला गेला. ग्राहकांच्या टेबलमध्ये कुणी सरळ अपडेट मारला, की त्याची जुनी खरेदीसुद्धा रिपोर्टमध्ये पुण्याच्या नावावर जाते. सोलापूरचे मागच्या वर्षीचे आकडे आपोआप घटतात आणि तिथला मॅनेजर विनाकारण बोलणी खातो. यावर डेटा वेअरहाउसची रचना शिकवणाऱ्या राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत 'टाइप २' आहे: जुनी ओळ तशीच ठेवायची, तिला शेवटची तारीख घालायची आणि नव्या पत्त्याची वेगळी ओळ नव्या सरोगेट कीने (आपणच दिलेल्या वेगळ्या ओळख-क्रमांकाने) टाकायची. फॅक्ट टेबलमधली, म्हणजे विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या टेबलमधली, जुनी विक्री जुन्या कीलाच धरून राहते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

आणि फॅक्ट टेबल बांधण्याआधी तिची एक ओळ म्हणजे काय ते लिहून काढ. एक बिल, की बिलातली एक वस्तू? अख्ख्या बिलावरची ५० रुपयांची सूट चार वस्तूंच्या चारही ओळींवर आली, तर बेरजेत २०० होते. क्वेरी बिनचूक चालते, एररही येत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

एसक्यूएलमधली विंडो फंक्शन्स (ओळीची आजूबाजूच्या ओळींशी तुलना करणारी) पक्की कर, मागची ओळ देणारं लॅग आणि क्रम लावणारं रँक तर रोज लागतील. टूल मागाहून शिकता येतं.

तुमच्याकडे ग्राहकाचा पत्ता बदलला की जुनी ओळ पुसली जाते की नवी पडते, ते बघून रविवारी फोनवर सांग. नवी पडत असेल तर तारखा कशा घालतात तेही विचार. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई