चार बरण्यांचा स्टँड

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘तिथलं तिखट तुला सोसतं का?’ घाईत नुसतं ‘हो’ म्हणाले. आज सविस्तर लिहिते.

बँकॉकमध्ये नूडल्सच्या टपरीवर बसलं की टेबलावर चार छोट्या बरण्यांचा स्टँड हमखास दिसतो. त्याला ‘फुआंग प्रिक’ म्हणतात. प्रिक म्हणजे मिरची. एका बरणीत भाजून कुटलेल्या सुक्या मिरचीचा भरडा, दुसरीत व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरचीच्या चकत्या, तिसरीत फिश सॉसमध्ये बुडवलेली बारकी, जहाल मिरची आणि चौथीत चक्क साखर! त्या बारक्या मिरचीच्या नावाचा अर्थ उंदराच्या लेंड्या. आकार पाहिलास तर तुलाही पटेल. गंमत म्हणजे मिरची मूळची इथली नाहीच, ती आली अमेरिका खंडातून. आता तिच्यावाचून इथे पान हलत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी वाटी समोर येताच, न चाखता, चमचाभर भरडा घातला. असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा! घटाघट पाणी प्यायले, पण तिखट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जीभ तशीच पेटलेली. टपरीवाल्या मावशी लगबगीने आल्या. वाटीत थोडी साखर आणि मिरचीचं व्हिनेगर घालून ढवळलं आणि खुणेनेच सांगितलं: आधी रस्सा चाख, मग हात लाव. तिखट गेलं नाही, पण आंबट-गोडाच्या जोडीने ते सुसह्य झालं, आणि तो रस्सा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

तेव्हापासून मी आधी चाखते. मावशी रस्सा मुद्दाम बेताचा ठेवतात. शेवटचा हात खाणाऱ्याचा. कुणी साखर घाला, कुणी मिरची, त्यांना वाईट वाटत नाही. मला हे फार आवडतं. तू पहिल्या घासालाच ‘मीठ बरोबर आहे ना?’ विचारतेस आणि आम्ही सगळे ‘हो’ म्हणतो, ते आठवतं गं.

माझी लाडकी बरणी व्हिनेगरची. हिरव्या चकत्या वर तरंगतात, बिया तळाशी बसतात. चमचाभर आंबट घातलं की मिरचीचा वास येतो, पण जाळ कमी. बाबांना हीच चालेल.

तसा एक स्टँड घेऊन ठेवलाय. झाकणांना चमच्यासाठी खाचा आहेत. दिवाळीला आणते. तू मासे खात नाहीस, तेव्हा तिसऱ्या बरणीत काय भरायचं ते तूच ठरव.

तुझी,
धाकटी