‘नको’ आणि ‘नाही’ वेगळे करून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर टपालाने, मिरजेच्या तुमच्या घरी यायला हवं होतं. पण सांगली-कोल्हापुरात आजही कितीतरी मुली रात्रपाळी करून ओईटीची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करत असतील. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. ओईटीत लिखाणाच्या भागात पेशंटच्या नोंदी देतात आणि त्यांवरून ४५ मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. सरावाच्या नोंदींत एक आजी होत्या, दोन दिवस त्यांनी जेवण नाकारलं होतं. मी लिहिलं, ‘द पेशंट वॉज डिनाइड फूड फॉर टू डेज.’ तुम्ही चष्मा काढलात आणि विचारलंत, “कोणी उपाशी ठेवलं गं या आजींना?”

मला वाटलं, काहीतरी व्याकरणाचं चुकलं. तुम्ही म्हणालात, “हे व्याकरण नाही, हा आळ आहे. आजी जेवल्या नाहीत असं तुला म्हणायचंय, आणि तू लिहिलंस की वॉर्डाने त्यांना जेवू दिलं नाही.” बाई, मी तेव्हा सात वर्षं नर्स होते. आजवर इंग्रजीत लिहिलेल्या नोंदी डोळ्यांपुढून गेल्या आणि पोटात गोळा आला.

मग तुम्ही चहा ठेवलात आणि ही चूक येते कुठून ते शोधायला बसलात. हे मला फार मोलाचं वाटतं. त्याआधीच्या क्लासमध्ये मला समानार्थी शब्दांची यादी पाठ करायला दिली होती: रिफ्यूज, डिनाय, रिजेक्ट, डिक्लाइन, सगळ्यांपुढे एकच अर्थ, नाकारणे. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, “आपला छापील शब्दच दोन कामं करतो. मंत्र्यांनी आरोपाचा इन्कार केला, तिथे डिनाय. साक्षीदाराने बोलायला इन्कार केला, तिथे रिफ्यूज. म्हणून तुझी गफलत होते. पण तोंडच्या मराठीत तू कधी चुकत नाहीस. पेशंटला विचार, छातीत दुखतंय का? काय म्हणेल?”

“नाही.”

“जेवण आणू का?”

“नको.”

“झालं तर मग. नाही म्हणाला तर डिनाय, नको म्हणाला तर रिफ्यूज नाहीतर डिक्लाइन.”

इतकी वर्षं ‘नको’ माझ्या जिभेवर होता आणि त्याची किंमत मला माहीत नव्हती. इंग्रजीला दोन्हीकडे एकाच ‘नो’वर भागवावं लागतं, म्हणून तिथे सगळा भार क्रियापदावर येतो. आपल्याकडे तो भेद बोलण्यातच पडून होता.

रिफ्यूज आणि डिक्लाइन यांच्यातला फरक तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या दाखवलात. रिफ्यूज म्हणताना पाठ ताठ केलीत. डिक्लाइन म्हणताना मान किंचित कलती करून हात पुढे केलात, पंगतीत वाढप्याला पुरे म्हणताना करतो तसा. या शब्दाच्या लॅटिन मुळात कलणंच आहे, आणि क्लिनिक हा शब्द खाटेच्या ज्या ग्रीक शब्दावरून आला तोही त्याच कुळातला, हे ऐकून मी थक्क झाले होते. दिवस कलतो तशी तब्येतही ‘डिक्लाइन’ होते, म्हणून पेशंटच्या नावापुढे नुसतं ‘डिक्लाइन्ड’ लिहून थांबू नकोस, काय नको म्हणाला ते लिही, असंही तुम्ही बजावलंत. तुच्छतेने झिडकारणं या अर्थाच्या ‘स्पर्न’साठी तुम्ही एकच शब्द दिलात, लाथाडणे. त्याच्या जुन्या अर्थातही पायाने ढकलणंच होतं. तो मला आजवर वापरावा लागला नाही.

रिजेक्टच्या वेळी मात्र आपण दोघी अडलो. मागे फेकणं हा त्याचा मूळ अर्थ तुम्ही सांगितलात. निवडणुकीत छाननी होऊन अर्ज बाद होतो, तसं आधी हातात घेऊन, पारखून मग फेकणं. तेव्हा मी तुम्हाला बोस्टनची गोष्ट सांगितली. १९५४ साली तिथे जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांत. भावाचं मूत्रपिंड शरीराला परकं वाटलंच नाही, म्हणून ते टिकलं. एरवी शरीर आधी ओळख पटवतं आणि परकं दिसलं की उलटतं. तुम्ही ते वहीत टिपून घेतलंत आणि म्हणालात, “म्हणूनच तिथे रिजेक्शन म्हणतात, रिफ्यूझल नाही.” माझ्याकडून काही लिहून घेणारी शिक्षिका मला तोवर भेटली नव्हती.

परीक्षा झाली आणि मी इंग्लंडला आले. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी नाश्ता परत पाठवला. मी लिहिलं: नाश्ता डिक्लाइन केला, भूक नाही म्हणाले, अर्धा कप चहा घेतला. ‘रिफ्यूज्ड’ लिहिलं असतं तर पुढच्या पाळीतली नर्स एका हट्टी माणसाला भेटायला गेली असती. पण रिफ्यूज हा कमी दर्जाचा शब्द नाही, हेही इथेच कळलं. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, २००५ या इथल्या कायद्याने सज्ञान माणसाला पुढे कोणते उपचार नकोत ते आधीच ठरवून ठेवता येतं. जीव वाचवणाऱ्या उपचारांबद्दल असेल तर ते लेखी, सहीचं आणि साक्षीदारासमोर लागतं. तिथे कायद्याचा शब्द रिफ्यूज हाच आहे. तिथे मान कलती नसते, पाठ ताठ असते. तसा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला तुमची खुर्ची आठवली.

डिनायबद्दल मात्र माझं मत थोडं बदललंय. ‘डिनाइज चेस्ट पेन’ असं डॉक्टर सर्रास लिहितात, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ इतकाच की विचारलं आणि नाही म्हणाले. पण इथे पेशंट आपल्या नोंदी स्वतः वाचतात. त्यांना वाटतं, मी खोटं बोलतोय असं यांना म्हणायचंय. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखातही या शब्दावर आक्षेप घेतला होता. मी आता सरळ ‘छातीत दुखत नाही असं सांगितलं’ या अर्थाचं वाक्य लिहिते. चार शब्द जास्त जातात, जाऊ देत.

बाई, तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. आठ महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, आणि वर चहा. निघताना पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही नुसता माझा हात मिटलात. त्या वेळी मला रडू आवरलं नाही आणि आभार मानायचे राहिले. ते आज मानते.

आणि एक शंका आहे. परवा एक मराठी आजी दाखल झाल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “बाळा, सगळं नकोसं झालंय गं.” नोंदीत मी ‘लो इन मूड’ लिहिलं, पण ते मनाला पटलं नाही. जेवण नको म्हणाल्या नव्हत्या, औषध नको म्हणाल्या नव्हत्या. या नकोसंला काय लिहू? रविवारी फोन करते, तोवर विचार करून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी