भाजी गेली, मार्केट राहिलं

लंडन,
गणपतीनंतरचा रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत, "तिकडं फुलं मिळाली का गं?" तेव्हा मी बसमध्ये होते, धड बोलता आलं नाही. मिळाली. पण त्यासाठी पहाटे चारला उठले आणि थेम्सच्या दक्षिणेला, व्हॉक्सहॉलजवळच्या नाइन एल्म्सच्या घाऊक बाजारात गेले. तुमची लेक अलार्म न लावता उठली, हे आईला मुद्दाम सांगा.

झेंडू नव्हता. हॉलंडची पिवळी शेवंती होती, कागदात गुंडाळून बादल्यांत उभी केलेली. चार जुड्या घेतल्या आणि हार करायचाय म्हणून बोलून गेले. गाळेवाल्याने विचारलं, "मग देठांचं काय?" म्हटलं, कापून टाकणार. त्याने असं पाहिलं, जणू मी आंब्याची साल ठेवून गर फेकते म्हणाले! इथे गुलाबाचा भावच मुळी देठाच्या लांबीवर. आपल्याकडे फुलं किलोवर विकतात हे काही त्याला पटेना.

मग त्याच्या लक्षात आलं की मी बाजारवाल्याची मुलगी आहे, आणि गडी सुटलाच. त्याचे वडील जुन्या कोव्हेंट गार्डनात, म्हणजे लंडनच्या जुन्या भाजी-फुलांच्या बाजारात होते. तो नुसतं "गार्डन" म्हणतो, तुम्ही मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला नुसतं "मार्केट" म्हणता तसं. म्हणून काल मुद्दाम जाऊन ते बघून आले.

ती जागा मूळची वेस्टमिन्स्टर ॲबीच्या साधूंची बाग. कोव्हेंट हे कॉन्व्हेंटचंच जुनं रूप. आठव्या हेन्रीने मठांच्या जमिनी काढून घेतल्यावर १५५२ मध्ये ती बेडफर्डच्या अर्लकडे, म्हणजे एका सरदाराकडे गेली. पुढे १६३० च्या दशकात त्या घराण्याने वास्तुकार इनिगो जोन्सकडून तिथे चौक बांधून घेतला, बड्या लोकांनी राहावं म्हणून. पण चौकात भाजीवाले बसू लागले, आणि १६७० मध्ये दुसऱ्या चार्ल्सने रीतसर बाजाराची सनदच दिली. बडे लोक हळूहळू पश्चिमेकडे सरकले. कोबीपुढे सरदारांचं काही चाललं नाही, हे वाचून मला तुमचीच आठवण झाली.

आता उभी आहे ती मोठी इमारत १८३० ची, चार्ल्स फाउलरने बांधलेली. म्हणजे आपल्या १८६९ च्या क्रॉफर्डपेक्षा चाळीसेक वर्षांनी थोरली. फुलांचा बाजार शेजारच्या वेगळ्या हॉलमध्ये भरायचा, लोखंड आणि काचेच्या छपराखाली. तिथे आता वाहतुकीचं म्युझियम आहे. फुलांच्या जागी लाल बसगाड्या! जुन्या फोटोंत हमाल दिसतात, डोक्यावर दहा-बारा गोल टोपल्यांची चळत. आपले पाटीवाले आठवले. हमालांसाठी तिथले गुत्ते पहाटेच उघडायचे म्हणे. हे मात्र आजोबांना कळलं नाही तेच बरं.

आणि बाबा, "ती फुलराणी"ची मूळ फुलवाली इथलीच. बर्नार्ड शॉच्या नाटकाची सुरुवात याच चौकातल्या सेंट पॉल चर्चच्या खांबांखाली होते, पावसात. मी तिथे उभी राहिले तेव्हाही पाऊस होताच. फुलवाली नव्हती.

गल्ल्या अरुंद, ट्रकांची कोंडी. म्हणून नोव्हेंबर १९७४ मध्ये सगळा घाऊक बाजार नाइन एल्म्सला हलवला. मागे राहणारा भाग बराचसा पाडून मोठे रस्ते आणि नव्या इमारती उभ्या करायचा बेत होता. आसपासच्या रहिवाशांनी तो हाणून पाडला. १९७३ मध्ये सरकारने अडीचशेच्या आसपास इमारतींना संरक्षण दिलं आणि १९८० मध्ये जुनं मार्केट दुकानं-हॉटेलांसाठी पुन्हा उघडलं. लोक भांडले ते विटांसाठी. बाजाराचं जाणं तर आधीच ठरलेलं होतं.

काल अख्खं मार्केट पालथं घातलं, पण एक कांदा विकत मिळेना. लिंबाच्या वासाचा साबण मिळाला, साडेसहा पौंडांना.

१९९६ मध्ये आपला घाऊक बाजार क्रॉफर्डातून वाशीला गेला, तेव्हा पहिले काही महिने तुम्ही जेवताना बोलतच नव्हतात. मला वाटायचं, इतकं काय, जागाच तर बदलली. कालच्या त्या साबणाच्या दुकानात मात्र तुमचा राग थोडा कळला. तरी एक सांगते. क्रॉफर्डात अजून पेरू मिळतो, मोसमात हापूसच्या पेट्या दिसतात, आणि पिशवी धरायला पाटीवाला मागे लागतो. लंडनपेक्षा आपलं बरंच बरं राहिलंय.

शेवंतीच्या गाळेवाल्याला मी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा ते सांगितलं. तो म्हणाला, दाखव. मला दोन बोटांपलीकडे काही येईना, लाज वाटली. तेव्हा कुठलं बोट कसं धरलं की काय भाव, हे नीट लिहून पाठवा. जमल्यास राजूच्या हातावर करून फोटो काढा. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे.

हार दीड दिवस टिकला. गणपतीही दीडच दिवसाचा, त्यामुळे निभावलं.

आईला नमस्कार, राजूला आशीर्वाद.

तुमची,
मनू